आधी उंट बांधा: वादळ, तकदीर आणि आपली जबाबदारी



२०२१ सालची ईदुल फित्र आपल्याला आठवत असेल. १४ मे, शुक्रवार. टाळेबंदीमुळे ईदची नमाज घरोघरी अदा झाली. त्याच दिवशी लक्षद्वीपजवळच्या समुद्रात एक वादळ आकार घेत होते. रविवारी, १६ मे रोजी, 'तौक्ते' सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकले. कौले उडाली, माड आणि आंब्याची झाडे उन्मळून पडली, नौका फुटल्या, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली.

शनिवारी सायंकाळी आम्ही काही जण मालवणच्या किनाऱ्यालगतच्या घरांतून फिरत होतो. एका वृद्ध विधवेला मी विनविले की, दोन रात्रींसाठी आतल्या वाडीत नातेवाइकांकडे चला. त्या उंबरठ्यावरच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "जा नशिबात लिवलेला आसा ता चुकाचा नाय, असा तुमीच सांगलास ना? मगे आता माका खंय पळाक सांगतास?"

मी निरुत्तर झालो, कारण ते शब्द माझेच होते. रमजानपूर्वीच्या एका जुम्याच्या बयानात मी तवक्कुलवर, म्हणजे अल्लाहवरील भरवशावर, बोललो होतो. भरवशाचे वर्णन मी मन लावून केले, पण भरवशापूर्वी माणसाने काय करायचे असते, ते सांगायचे राहून गेले. अर्धी सांगितलेली शिकवण एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्या उंबरठ्याने मला शिकविले. हा लेख त्या राहिलेल्या अर्ध्या भागाचे कर्ज आहे.

तिरमिजी शरीफमधील प्रसिद्ध हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, मी उंट बांधून अल्लाहवर विसंबू, की मोकळा सोडून विसंबू? प्रेषितांनी (स.) आधी बांधण्यास आणि मग विसंबण्यास सांगितले. यातील क्रम ध्यानात घ्या. दोरी बांधणे हे भरवशाच्या विरुद्ध नाही आणि त्याला पर्यायही नाही. ती भरवशाची पहिली पायरी आहे. इमाम गझाली (रह.) यांनी 'इहया उलूमिद्दीन'मध्ये हाच विचार पुढे नेला आहे. समोर अन्न असताना भुकेल्याने हात न उचलणे याला ते तवक्कुल मानत नाहीत, वेडेपणा मानतात. अल्लाहने कारण आणि परिणाम यांची जी साखळी निर्माण केली, तिला नाकारणे म्हणजे त्याच्याच व्यवस्थेला नाकारणे होय.

तरीही आजींचा प्रश्न शिल्लक राहतो. जे लिहिले आहे त्यापासून पळता येते काय? हाच प्रश्न ह. उमर (र.) यांच्यासमोर उभा राहिला होता. ते शामकडे निघाले असता वाटेत प्लेगची वार्ता आली. त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ह. अबू उबैदा (र.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय? ह. उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यांनी दाखला दिला तो दोन कडा असलेल्या दरीचा: एक कड हिरवी, दुसरी ओसाड. उंट कोठेही चारा, चारणे अल्लाहच्या तकदीरनेच घडेल, पण शहाणा मेंढपाळ कोणती कड निवडील? सारांश, धोक्याची सूचना वेळेवर कानी येणे, हेही तकदीरमध्येच लिहिलेले असते. पायांत चालण्याचे बळ असणे आणि आतल्या वाडीत नातेवाइकाचे दार उघडे असणे हेही. मग आपण केवळ वाऱ्यालाच तकदीर का म्हणावे?

काही बंधू म्हणतात की, पावसाचे व उद्याचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे, मग हवामान खात्यावर विश्वास कसा ठेवावा? येथे एक भेद ओळखला पाहिजे. गैब म्हणजे ज्याची कोणतीही खूण माणसाच्या हाती नाही ते. तांडेल आभाळाचा रंग आणि लाटेची उसळी पाहून होडी मागे वळवितो, तेव्हा तो गैबचा दावा करीत नाही. तो अल्लाहने ठेवलेल्या खुणा वाचतो. उपग्रह त्याच खुणा अधिक दुरून वाचतो. अंदाज शंभर टक्के खात्रीचा नसतो, हे खरे. परंतु शरीअतमध्येही असंख्य बाबी प्रबळ अनुमानावरच चालतात. अनोळखी ठिकाणी किब्ल्याची दिशा आपण अशीच ठरवितो, साक्षीदाराची साक्षही त्याच पायावर स्वीकारतो. मग जिवाच्या रक्षणासाठीच पूर्ण खात्रीची अट का?

आता आजींचे पुढे काय झाले ते सांगतो. उंटाची हदीस ऐकून त्या अखेर आल्या. वादळ गेले. परतल्या तेव्हा घर उभे होते, चार नळे तेवढे सरकले होते. त्या हसून म्हणाल्या की, उगाच धावपळ झाली. आणि वाचकहो, खरा कठीण प्रश्न येथेच आहे. कारण पुढच्या वेळी त्या येतील काय?

कर्तव्याचे मोल परिणामावरून ठरत नसते. नियत आणि त्या क्षणी असलेले ज्ञान यांवरून ते ठरते. रात्री दार लावले आणि चोर आला नाही, म्हणून दार लावणे व्यर्थ ठरले असे कोणी म्हणत नाही. तौक्ते त्या दिवशी किनाऱ्याच्या समांतर गेले, जमिनीवर चढले ते गुजरातमध्ये. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' मात्र रायगडातील श्रीवर्धनच्या परिसरात थेट धडकले होते. आपला किनारा सुटला, ही आपली हुशारी नव्हती. ती सवलत होती, आणि सवलतीचा हिशेब द्यावा लागतो.

तयारीने काय साधते, हे पाहायचे तर बांगलादेशाकडे पाहा. १९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळात तेथे लाखो माणसे बुडाली. त्यानंतर तेथे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, निवारे बांधले गेले, मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून सूचना दिल्या जाऊ लागल्या. २०२० मध्ये 'अम्फान'पूर्वी वीस लाखांहून अधिक लोक हलविले गेले, आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. ओडिशातही १९९९ मध्ये सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये ती संख्या काही दहांत राहिली. समुद्र तोच होता. माणसांनी आपली दोरी बांधली होती.

ही दोरी प्रत्येकाने केवळ स्वतःसाठी बांधायची नाही. आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि राखणीविषयी त्याला विचारले जाईल, अशी हदीस आहे. तौक्तेच्या वेळी मुंबईनजीकच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज नांगरून होता. त्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले, बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. आपल्या बंदरांतही मे महिन्यात हा प्रश्न लहान रूपात उभा राहतो. १ जूनपासून मासेमारी बंद होणार असते, हंगामाचे थोडेच दिवस उरतात, आणि नौकामालकाला आणखी एक फेरी हवी असते. खलाशी नको म्हणू शकत नाही, कारण त्याच्यावर आगाऊ रक्कम चढलेली असते. अशा वेळी मालकाने म्हटलेले 'अल्लाह मालिक आहे' हे तवक्कुल नव्हे. दुसऱ्याचा जीव पणाला लावून दाखविलेला भरवसा आपला नसतोच.

शेजाऱ्याचा हक्कही धर्म पाहून येत नाही. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी आधी विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा गेला काय? मांसाच्या वाट्याची ही काळजी, तर जिवाची किती असावी!

म्हणून प्रत्येक मशीद कमिटीला माझी विनंती आहे. एप्रिल संपण्यापूर्वी वस्तीतील वृद्ध, आजारी, गरोदर आणि एकट्या माणसांची यादी करा, सर्व धर्मांच्या. कोणाला कोण नेणार, ते नावानिशी ठरवा. मशिदीची किल्ली दोघांकडे ठेवा. इशारा आला की भोंग्यावरून तो मराठीत सांगा. आणि वादळाच्या दिवशी नमाज घरीच अदा करण्याची घोषणा करण्यास कचरू नका. मुसळधार पावसात ह. इब्ने अब्बास (र.) यांनी जुम्याच्या अजानमध्येच घरी नमाज पढण्याची पुकार करविली होती, आणि तीच प्रेषितांची (स.) रीत असल्याचे सांगितले होते.

आकाशात काळे ढग आणि वारा दिसला की प्रेषितांचा (स.) चेहरा चिंतेने बदलत असे, असे ह. आयशा (र.) सांगतात. आद जमातीने असाच ढग पाहून 'हा पाऊस देईल' असे मानले होते. ज्यांचा अल्लाहवर सर्वाधिक भरवसा होता, तेच वारा पाहून निश्चिंत राहत नसत. मग आपण कोणत्या भरवशावर निश्चिंत राहावे?

अल्लाह आपल्याला दोरी बांधणारे हात आणि बांधल्यावर शांत होणारे अंतःकरण देवो. आमीन.