मुद्द्याचे बोलायचे तर

बंगळुरूजवळच्या आनेकलहून चंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटी खाणावळ आहे. पाटी कन्नडमध्ये, आत सहा बाकडी. दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात पाणी उकळते, त्यात नाचणीचे पीठ पडते आणि खाणावळवाल्या अक्का लाकडी दांड्याने ते घोटायला घेतात. आपल्याकडच्या उकडीच्याच जातीचे काम, पण दंडाची परीक्षा पाहणारे. मग ओल्या हाताने गोळा वळायचा, ताटात ठेवायचा, शेजारी पालेभाजीचे सार. या गोळ्याला इथे ‘मुद्दे’ म्हणतात. तो चावायचा नाही. तुकडा सारात बुडवून गिळायचा. नाचणीची भाकरी आणि आंबील यांवर वाढलेल्या मलाही ते जमायला आठवडा लागला.

त्या बाकड्यावर एकदा माझ्या एका बाजूला जिगणीच्या ग्रॅनाइट कारखान्यातला कामगार होता, केसांवर दगडाची भुकटी. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक तरुण, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2020 साली सुधारलेल्या शिफारशींनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला 2,110 किलोकॅलरी पुरतात. जड कष्टाचे काम असेल तर 3,470 लागतात. या दोघांची सरासरी गरज 2,790. आता समजा ताटांची अदलाबदल झाली. संगणकापुढे बसणारा 3,470 खाऊ लागला आणि दगड उचलणारा 2,110 वर राहिला. सरासरी पुन्हा 2,790. एकाचे पोट सुटेल, दुसऱ्याची हाडे वर येतील, आणि कागदावर बाकडे अगदी धडधाकट दिसेल.

देशादेशांचे दरडोई अन्न-उष्मांकांचे जे तक्ते आपण पाहतो, ते अशाच बाकड्यांचे तक्ते असतात, फक्त बाकडी कोट्यवधी माणसांची. अमेरिका आणि आयर्लंड 3,800 च्या आसपास किंवा पुढे, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि मादागास्कर 2,000 च्या आतबाहेर, आणि भारत 2,500 ते 2,600 च्या दरम्यान. साऱ्या जगाची सरासरी 1961 साली 2,200 च्या घरात होती, आज ती 2,900 च्या पुढे गेली आहे. याच काळात लोकसंख्या अडीचपटीहून जास्त वाढली, हे लक्षात घेतले तर ही वाढ साधी नव्हे. जगात माणसापुरते धान्यच पिकत नाही म्हणून उपासमार आहे, असे म्हणण्याची सोय तिने काढून घेतली.

पण हा आकडा येतो कुठून? कुणाच्या ताटात डोकावून तो काढलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना प्रत्येक देशाचा अन्नताळेबंद मांडते. देशात पिकलेले, अधिक आयात, वजा निर्यात; साठ्यातली वधघट जमेस धरायची; बियाणे, जनावरांचा चारा, कारखान्यांकडे गेलेला माल आणि वाटेतली नासाडी वजा करायची. उरलेल्याचे उष्मांक करून लोकसंख्येने आणि दिवसांनी भागायचे. म्हणजे हा पुरवठ्याचा हिशेब झाला, खाण्याचा नव्हे. अन्न दुकानापर्यंत किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले की त्याचे काम संपते. पुढे ते पोटात गेले की कचऱ्याच्या डब्यात, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने 2012 साली शहरातल्या कल्याणमंटपांची पाहणी केली, तेव्हा लग्नांत वर्षाला 943 टन चांगले अन्न वाया जाते असा अंदाज निघाला. आनेकल तालुक्यात आता शेतांपेक्षा मंगल कार्यालयेच जास्त आहेत की काय, असे होसूर रस्त्यावरून जाताना वाटते. तिथल्या पानांवर टाकलेला प्रत्येक म्हैसूरपाक दरडोई पुरवठ्यात इमानदारीने धरलेला असतो. उलट बन्नेरघट्ट्याच्या जंगलातून बाहेर पडून कापणीच्या तोंडावर नाचणी फस्त करणारे हत्ती कोणत्या रकान्यात जातात, हे त्या शेतकऱ्यालाच विचारावे.

पुरवठ्याच्या तक्त्यात जपान भारताच्या फारसा पुढे नाही, 2,700 च्या जवळपास. जपानी माणूस जगातल्या सर्वांत दीर्घायुषी माणसांपैकी. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या 35.5 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. कर्नाटकात 35.4 टक्के, महाराष्ट्रात 35.2. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी या बाबतीत दोन्ही राज्ये सख्खी भावंडे. शंभर-दोनशे किलोकॅलरींच्या फरकातून एवढी तफावत निघत नाही. ती स्वच्छ पाण्यातून निघते, संडासातून, आईच्या रक्तातल्या लोहातून, आणि घरात शेवटी कोण जेवते यातून निघते.

या हिशेबाच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ. 1951 पासून त्यांनी रोममध्ये अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि जगातली भूक मोजायची कशी याची पद्धत घालून देणाऱ्यांत ते आघाडीवर होते. इकडे पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याची रेषा आखली, तीही उष्मांकांवरच. माणशी दिवसाला 2,250. रोमहून पुण्यात परतलेल्या सुखात्म्यांनी या रीतीलाच हरकत घेतली. माणसामाणसाची गरज वेगळी, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. एकाच माणसाची गरजही काळानुसार खालीवर होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरवणे चूक, असे ते म्हणत. दांडेकरांशी त्यांचा वाद रंगला, डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी तर कडाडून विरोध केला. शरीर जुळवून घेते म्हणजे काय? मूल वाढायचे थांबते, बाई कमी काम करते. त्याला तडजोड म्हणायचे की हानी?

मला गोपालन यांचे म्हणणे जास्त पटते. खुंटलेल्या उंचीला निरोगी म्हणण्याची मुभा सरकारला मिळाली की अंगणवाडीच्या खर्चाला पहिली कात्री लागते. पण सुखात्म्यांच्या आक्षेपाचा गाभा त्यामुळे खोटा ठरत नाही. सरासरी हे माणसाचे माप नव्हे, हे त्यांना इतरांपेक्षा नेमके ठाऊक होते. सरासऱ्या काढण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

पुढे जे घडले त्याने दोन्ही बाजूंची पंचाईत केली. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात 1972-73 साली माणशी 2,266 किलोकॅलरी खाल्ल्या जात. 2009-10 पर्यंत त्या 2,020 च्या आसपास उतरल्या. त्याच काळात उत्पन्न वाढत होते. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी 2009 साली सुचवले की कष्ट कमी झाल्याने आणि रोगराई घटल्याने गरजच उतरली असावी. अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनायक यांनी या घसरणीत गरिबांची ओढाताण पाहिली. आनेकलमध्ये उभे राहिले की दोघेही खरे वाटतात. जाते गेले, गिरणी आली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. शेत विकणाऱ्याचा मुलगा आता सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत बसतो. आणि त्याच जमिनीवर इमारत बांधणारा परमुलखातला मजूर घरभाडे नि गावी धाडायचे पैसे वजा करून उरलेल्यात जेवतो. एकाचे खाणे गरज उतरल्यामुळे घटले, दुसऱ्याचे खिशामुळे. सरासरीत दोघांची बेरीज होते आणि कारण पुसले जाते. 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण आकडा 2,212 वर आला आहे, तेव्हा आता आनंद नेमका कशाचा मानायचा?

उष्मांकांच्या तराजूत नाचणी हरते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 320 किलोकॅलरी, पांढऱ्या तांदळात 350 च्या वर. मात्र त्याच शंभर ग्रॅममध्ये नाचणी साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम देते, तांदूळ दहासुद्धा नाही. सोळाव्या शतकात कन्नड संतकवी कनकदासांनी ‘रामधान्यचरिते’त या दोन धान्यांचे भांडण रंगवले. तिथे राम दोघांना सहा महिने कोंडून ठेवतो. तांदूळ खराब होतो, नाचणी टिकते आणि रामाचे नाव मिळवते. आजचा न्यायनिवाडा उष्मांकमोजणीकडे गेला असता तर तांदूळ सहज जिंकला असता, आणि तेलाने दोघांनाही गारद केले असते. छत्तीस ग्रॅम तेलात शंभर ग्रॅम नाचणीएवढी ऊर्जा असते. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करणाऱ्या आपल्या देशाचा दरडोई आकडा बंदरात उतरणाऱ्या पामतेलाने वाढतो, तेव्हा त्याला पोषण म्हणायला जीभ रेटत नाही. आनेकल तालुक्यातल्याच बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत, बायोकॉनच्या कारखान्यात, इन्सुलिन तयार होते. एकेकाळच्या नाचणीच्या मुलखात. देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून 2023 साली आला.

खाणावळीतल्या अक्कांनी यातले काही वाचलेले नाही. पण त्यांचा गोळा सगळ्यांना सारखा नसतो, हे मला फार उशिरा कळले. गिऱ्हाईक आत शिरले की त्या एकदा त्याच्या हातांकडे बघतात, एकदा चपलांकडे, आणि मग ओल्या हाताने पातेल्यातून पीठ काढतात. भुकटीवाल्याचा मुद्दे नारळाएवढा असतो. ओळखपत्रवाल्याचा मोसंब्याएवढा. पैसे दोघांना तेवढेच. परवा मी जरा मोठा मागितला तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले, ‘बसूनच असता ना दिवसभर?’ म्हणाल्या, आणि सार मात्र वाटी भरून वाढले.