मिरगाआधी करडांचा आसरा



मिरग जवळ आला आहे. 7-8 जूनला मृग नक्षत्र लागते, आणि त्याआधी आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक घरात एकच धावपळ असते. कौले परतायची, पडवीला झाप लावायचे, सरपण आत घ्यायचे, सुकी मासळी आणि सोले डब्यात भरायची. आगोटीच्या या कामांत आणखी एक काम आपण धरू या. आपली मुले जी करडे सांभाळतात, त्यांच्या निवाऱ्याचे.

आपल्या वाड्यांत अनेक घरी दोन-चार शेळ्या असतात आणि करडू बहुधा मुलाच्या वाट्याला येते. मूल त्याला नाव देते, फणसाचा पाला घालते, शाळेतून आले की आधी त्याच्याकडे धावते. मे महिन्यात करडू खळ्यात कुठेही झोपते. जुलैत मात्र झड आत येते, जमीन ओली राहते, आणि एका सकाळी करडू उठत नाही. मूल रडते. मोठी माणसे म्हणतात, "जावंदे, दुसरा हाडूया." पण मुलाला दुसरे नको असते. ज्याची काळजी घ्यायला आपण त्याला शिकवले, तो जीव बदलून मिळणारी वस्तू आहे, हा धडा त्याने घ्यावा असे आपल्याला वाटते का?

उत्पत्तीच्या 33व्या अध्यायात याकोब आणि एसाव या भावांचा समेट होतो. एसाव म्हणतो, आपण बरोबरच निघू. याकोब नम्रपणे नकार देतो. आपली मुले कोवळी आहेत, कळपांत दूध पाजणाऱ्या माद्या आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सारा कळप मरेल. म्हणून तो मुलांच्या आणि जनावरांच्या चालीने, सावकाश येणार आहे. मुले आणि लहान जनावरे यांची काळजी तो एकाच श्वासात बोलतो. पुढे तो एका ठिकाणी थांबतो, स्वतःसाठी घर बांधतो आणि जनावरांसाठी मांडव घालतो. त्या जागेचे नाव सुक्कोथ पडले. सुक्कोथ म्हणजे मांडव. गावाला नाव मिळाले ते याकोबाच्या घरावरून नव्हे, जनावरांच्या आसऱ्यावरून!

मांडव मुलांनी घातले असे शास्त्र सांगत नाही. ते याकोबाने घातले. करडाला पाला घालणे, जागा झाडणे, पाणी ठेवणे ही मुलांची कामे. छप्पर हे मोठ्यांचे काम.

कोणी म्हणेल, आपली कोकण कन्याळ शेळी इथल्याच पावसात वाढलेली जात आहे, तिला कसला आसरा हवा? काळ्या अंगाची, तोंडावर पांढरे पट्टे असलेली ही शेळी आपल्या जिल्ह्याची शान आहे. पण आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि करडाच्या अंगात चरबी थोडी असते. भिजले की ते लवकर गारठते. कोंदट जागेत मुताच्या वाफेने त्याची छाती धरते. ओल्या, घाण जमिनीवर रक्ती हगवणीचे जंतू वाढतात.

म्हणून जागा उंचवट्यावर निवडावी. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा माच करावा, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडून करडू कोरडे राहील. दोन पट्ट्यांत सुमारे 1 सेंटिमीटरच फट ठेवावी. जास्त झाली तर खूर अडकून पाय मोडतो. तीन महिन्यांपर्यंतच्या करडाला निदान 3 चौरस फूट जागा लागते, पुढे सहा महिन्यांपर्यंत 5 ते 8, आणि मोठ्या शेळीला 10 ते 12. पाऊस समुद्राकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूंना झाप घट्ट बांधावेत, मात्र वर हवा खेळायला जागा सोडावी. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळणे म्हणजे करडाला कोंडणे होय. बिबट्याचे भय असते, तेव्हा रात्री दार पक्के लावावे. थंडीत माचावर कोरडा पेंढा किंवा गोणपाट घालावे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, त्यावर झावळ्या टाकाव्यात. जंताचे औषध आणि आंत्रविषाराची लस यांविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाआधीच विचारावे.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एका गरीब माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्याजवळ एकच कोकरू होते. ते त्याच्या मुलांबरोबर वाढले, त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे. श्रीमंत शेजाऱ्याने ते ओढून नेले, तेव्हा दावीद संतापला. बाजारात त्या कोकराची किंमत फार नसेल, पण त्या घरात ते काय होते हे देवाला ठाऊक होते. आणि आपला प्रभू तर म्हणतो की दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांतली एकही देव विसरत नाही.

करडू मोठे झाल्यावर ते विकावेही लागेल. वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च अनेक घरांत असाच भागतो. ते मुलाला आधी सांगावे, लपवू नये. पण जितके दिवस ते आपल्या दारात आहे, तितके दिवस ते कोरडे आणि सुरक्षित राहावे, एवढे आपण त्याला देणे लागतो.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपला गोठा एकदा वाकून पाहू या. माचावर हात ठेवून ओल लागते का ते पाहू या. ज्या घरी बांबू आणि झावळ्या जास्त आहेत, त्यांनी शेजारच्या घरी द्याव्यात. जिथे घरात एकटी आई आहे किंवा म्हातारी माणसेच आहेत, तिथे वाडीतल्या तरुणांनी एक दुपार द्यावी. मुलांनाही बरोबर घ्यावे. दोरी धरायला, पट्ट्या उचलून द्यायला. आपल्या भरवशावर असलेल्या जीवासाठी पावसाआधी छप्पर घालायचे असते, हे ती त्या दुपारी पाहतील.

गव्हाणीत ज्याला जागा मिळाली, तो प्रभू येशू आपल्या घरांवर, मुलांवर आणि मुक्या जीवांवर या पावसाळ्यात कृपादृष्टी ठेवो. आमेन.