दर्यापूरचं बोलावणं

चि. बेटा,


तुझ्या अकोल्याच्या कार्यक्रमात निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि तू ‘आता गझल ऐकणारे संपले’ असं लिहून मोकळा झालास. मी जन्मभर गाणाऱ्यांच्या बाजूला तबला घेऊन बसलो. गाणारा डोळे मिटून गातो. लोकांकडे बघायचं काम तबलजीचंच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

आपल्या भागाच्या कानाला वळण लावलं ते खंजिरीनं. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळ्यांनी, म्हणजे तुकडोजी महाराजांनी, 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं, पण स्वतः तिथे बसून राहिले नाहीत. गावोगाव खंजिरीवर भजनं, 1942 मध्ये तुरुंग, 1955 मध्ये थेट जपान, 1962 आणि 1965 च्या युद्धांत सीमेवर जवानांपुढे. दौरा कशाला म्हणतात ते त्यांच्याकडून शिकावं. 11 ऑक्टोबर 1968 ला ते गेले. अजूनही दर पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मोझरीत अफाट जनसमुदाय मौन पाळतो. गाणारा जाऊन अर्धशतक उलटलं, श्रोता अजून येतोच आहे.

त्या भजनांत शब्द न् शब्द कळायचा. तोच कान पुढे गझलेला मिळाला. सुरेश भट अमरावतीचे. ते स्वतः गाऊन गझल पोचवायचे आणि नवशिक्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. आष्टगावचे भीमराव पांचाळे एकच ओळ वेगवेगळ्या अंगांनी घेतात, पण शब्द सुराखाली दबू देत नाहीत. तू मात्र तान घेताना अर्धी ओळ गिळतोस. शहरात चालून जातं. खेड्यात पहिल्या रांगेतला म्हातारा सरळ विचारतो, ‘काय म्हने बावा हा?’

आमचे दौरे म्हणजे सगळा कापसाचा हिशेब. कापूस विकला गेला की अकोट, तेल्हारा, परतवाड्याहून बोलावणी यायची. कोरडं साल असलं की मंडळवाले तोंड चुकवायचे. मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला रेल्वेनं जायचं. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आणि वेग असा की उतरून दोन पावलं चालावं आणि पुन्हा चढावं. तबल्याची जोडी मांडीवर, कपड्यांवर कोळशाची काजळी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की पुडी ताणायची आणि स्वर आपोआप चढायचा. दुपारी लावलेला तबला संध्याकाळी गायकाच्या पट्टीत नसायचाच. मग हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत बसायचं, आणि समोरची पोरं त्यालाच कार्यक्रम समजून टाळ्या वाजवायची. पावसाळ्यात उलटं, कातडं मऊ पडून आवाज बसायचा. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. मानधनाचं पाकीट हलकं असलं तरी रोडग्यांत तूप कमी नसायचं.

श्रोता टिकतो तो असा, बेटा. एका गावात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सतरंजीवर जेमतेम दोन रांगा होत्या. पुढच्या साली तेच लोक आपल्या भावजयांना, पोरांना घेऊन आले. एक शेतकरी, हातावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे, कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी आला. मागल्या साली गायलेला एक शेर त्याला हवा होता. गायकाला नीट आठवेना. दुसरी ओळ त्यानंच सांगितली. आमचं गाणं त्यानं वर्षभर वखरामागे चालताना सांभाळलं होतं. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही. पुरस्कारवाल्यांचे फेडता येतात, एक शाल परत दिली की झालं.

यूट्यूबवर तुझं गाणं हजारोंनी पाहिलं असेल, चांगलंच आहे. पण त्यातला कोण पुढच्या साली परत येणार, हे तुला कळत नाही. गावात ते डोळ्यांनी दिसतं. एकदा जाऊन ‘लोक नाहीत’ म्हणायचा हक्क कोणाला नाही. सलग तीन साली जा, मग बोल.

दर्यापूरचं बोलावणं आलंय असं तुझी आई फोनवर म्हणाली. पैसे कमी आहेत म्हणून तू टाळतोयस म्हणे. हो म्हणून टाक. शब्द मोकळे ठेव, दुसऱ्या साली पुन्हा येईन असं मंचावरच कबूल कर, आणि निघण्याआधी तबलजीचे पैसे ठरव.

तुझा,
आजोबा