देणं

लहानपणापासून आमच्या घरात एक वाक्य ऐकत आले आहे : ‘आजोबांनी ट्रक ड्रायव्हरला देऊन टाकला.’ आजोबांच्या उदारपणाचा विषय निघाला की हे वाक्य यायचंच.

ट्रक 1968 चा. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचं सहकार्य 1954 मध्ये सुरू झालं आणि 1969 पर्यंत चाललं. त्या काळातल्या गाड्यांसारखा याच्याही बॉनेटवर मर्सिडीजचा तारा होता. नागपूरहून संत्री घेऊन तो दुर्ग-रायपूरकडे जायचा आणि येताना तांदूळ आणायचा. 1985 मध्ये धंदा बंद झाला आणि ट्रक ड्रायव्हरच्या गावी, अहिवाऱ्याला गेला.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी ठरवलं, ट्रक घरी आणायचा. बाबा 74 वर्षांचे. ड्रायव्हरकाका वारले होते, पण त्यांच्या मुलाशी फोनवर किंमत ठरली. बाबा, आई, मी आणि माझी लेक असे आम्ही कारने निघालो. भंडारा, साकोली, देवरी, बाघनदी, राजनांदगाव. वाटेत प्रत्येक ढाब्यापाशी बाबांना आजोबांची एकेक गोष्ट आठवत होती. देवरीच्या पुढे लेकीनं विचारलं, “पणजोबांनी दिला होता ना? मग आपण विकत का घेतोय?” बाबा हसले. कोणाला काही सुचलं नाही.

भिलाईहून नंदिनी रोडने अहिवारा लागतं. हा सगळा चुनखडीचा मुलूख. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भिलाई पोलाद कारखान्यात जाते. ट्रक कडुनिंबाखाली उभा होता. तारा नव्हता. दरवाजे दुसऱ्याच गाडीचे. इंजिन दोनदा खोललेलं. लाकडी बॉडी तर नव्यानेच बांधलेली.

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात राखलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, पण ते खासगी वापराचं असावं लागतं. या ट्रकला तो मान मिळणार नाही. जे उभं राहिलं ते मूळ स्वरूपात राहिलं. जे राबलं ते कसं राहणार?

चहा झाल्यावर मुलानं ट्रकच्या कागदांबरोबर एक लाल वही आणली. ती आजोबांच्या अक्षरात होती. ऑगस्ट 1983 ते फेब्रुवारी 1985, पगार बाकी, महिने 19, दरमहा 600 रुपये, एकूण 11,400. खाली ट्रकची किंमत 32,000. वजा पगार बाकी. उरलेले 20,600 हप्त्यांनी. पुढे हप्त्यांच्या नोंदी, शेवटची 1988 ची. प्रत्येक नोंदीखाली आजोबांची सही.

म्हणजे आजोबांनी ट्रक दिला नव्हता. अडकलेल्या पगारात वळता केला होता आणि वरचे पैसे घेतले होते. नागपूरचं आमचं घर 1984 मध्ये बांधलं. ज्या अंगणात हा ट्रक उभा करायचा होता, ते अंगण त्याच 19 महिन्यांतलं.

बाबा बराच वेळ वही धरून बसले. मग म्हणाले, “आमचे वडील असे नव्हते.” काकांची बायको कोपऱ्यात बसली होती. ती हिंदीत म्हणाली की साहेबांनी फसवलं नाही. दुसऱ्या मालकांनी तर बाकी लिहूनसुद्धा ठेवली नाही.

तिचं म्हणणं खरं आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच सरसकट लागू होत असे. एका ट्रकच्या मालकाकडे ड्रायव्हर आणि क्लीनर, दोनच माणसं. तिथे उरते ती मालकाची सदसद्विवेकबुद्धी आणि एक वही. आजोबांनी वही प्रामाणिकपणे लिहिली. खोटं वहीत नव्हतं, ते आमच्या वाक्यात होतं. ते आजोबा कधी बोलले होते का, हेही मला आठवत नाही. बहुधा ते आम्हीच तयार केलं.

मराठीत ‘देणं’ म्हणजे दुसऱ्याला काही देणं, आणि ‘देणं’ म्हणजे कर्जही. एकाच शब्दात दाता आणि देणेकरी दोघेही बसतात. आम्ही पहिला अर्थ उचलला, कारण त्यात आमचा मान होता. हे चोरीसारखं दिसत नाही, कारण कोणाचे पैसे जात नाहीत. पण ज्या माणसानं तीन वर्षं हप्ते भरून ट्रक स्वतःचा केला, त्याला आम्ही चाळीस वर्षं उपकृत ठरवलं. त्याच्या कमाईला आम्ही आमची कृपा म्हणत राहिलो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो : चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? रथ हे फक्त व्यवहारातलं नाव, असं तो दाखवून देतो. पण व्यवहारातलं नावही कोणीतरी ठेवतं, आणि ठेवणाऱ्याचा त्यात फायदा असू शकतो. ‘आजोबांचा ट्रक’ हे असंच नाव होतं. आजोबांकडे तो 17 वर्षं होता, काकांकडे त्याहून जास्त.

बाबांनी ठरलेल्या किमतीवर आणखी पैसे पुढे केले. मुलानं हात जोडले. “हिशेब तर बाबूजींनीच पुरा केला होता,” तो म्हणाला. आम्हाला पुन्हा दाता होऊ द्यायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मग तो विकत का होता? भंगारवाला किलोवर घेणार होता, आणि आईला ट्रक कापलेला बघायचा नव्हता.

मी म्हटलं, आपण न्यावा का, याचा विचार करू. काकूच म्हणाली, “घेऊन जा. इथे उन्हापावसात सडेल.” काकांचा हार घातलेला फोटो तेव्हा केबिनमध्येच होता. मुलानं तो काढून घरात नेला.

ट्रक लो-बेड ट्रेलरवरून नागपूरला आला. बाबांनी निघण्याआधीच पितळी पाटी करून घेतली होती, आजोबांच्या नावाची. ती अजून कपाटात आहे. परवा त्यांनी मला कागद दिला आणि म्हणाले, नवी पाटी करायची आहे, मजकूर तू लिही. काकांचं नाव कसं लिहायचं हे विचारायला मी अहिवाऱ्याला फोन केला. इतक्या वर्षांत आमच्या घरात ते नाव पूर्ण कोणालाच माहीत नव्हतं.