मांडीवरचे लेकरू आणि चुलीवरचे दूध

सज्जनहो, गेल्या वर्षी एका गावी सप्ताहाची सांगता झाली. काल्याचे कीर्तन झाले, हंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला आणि मंडळी पांगली. मी पारावर टेकलो होतो. इतक्यात एक तरुण जवळ आला आणि पाया पडला. आपल्या संप्रदायाच्या रीतीप्रमाणे मीही वाकलो. त्याच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या तोंडाला अजून दही लागलेले होते. तरुण म्हणाला, "महाराज, कृष्णाचे खेळ सांगितलेत, फार गोड वाटलं. पण तो पडला नंदाचा लेक. घरी नऊ लाख गाई. मी गवंड्याच्या हाताखाली काम करतो. हे पोर जत्रेत नेलं की पाळण्यात बसव म्हणतं, मोटार घे म्हणतं, आणि मी त्याला रडतच घरी आणतो. आता जत्रेला न्यायचंच सोडलंय. तुम्हीच सांगा, ह्याला मी काय देऊ?"

तेथे त्याला मी चार शब्द सांगितले, पण ते अपुरे होते हे मला सांगतानाच कळत होते. हा प्रश्न एका बापाचा नाही, घरोघरचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे जरा विस्ताराने करू.

प्रथम नंदाच्या श्रीमंतीचे पाहू. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, बाराव्या अध्यायाच्या आरंभी, गोपाळांची मुले वासरे घेऊन रानात निघतात त्याचे वर्णन आहे. आयांनी त्यांच्या अंगावर सोने घातले होते, रत्ने घातली होती. आणि रानात गेल्यावर या मुलांनी काय केले? पाने तोडली, फुलांचे तुरे खोवले, मोरपिसे लावली, रंगीत माती अंगाला फासली. सोने अंगावर असून त्यांना पाने हवीशी वाटली! आता खेळ कोणते, तेही व्यासमहर्षींनी सांगून ठेवले आहेत. एकमेकांच्या शिदोरीची शिंकी लपवायची. उडत्या पाखरांच्या सावल्यांबरोबर धावायचे. बेडकांसारख्या उड्या मारायच्या. बगळ्याजवळ बगळ्यासारखे बसायचे, मोराबरोबर नाचायचे. आपल्याच सावलीला हसायचे. आपला आवाज डोंगरातून परत आला की त्यालाच शिव्या द्यायच्या. माऊली, या सबंध यादीत एक तरी खेळ असा आहे का की ज्याला पैसा पडतो? परब्रह्म खेळायला आले, आणि खेळले ते सगळे फुकटचे खेळ. तेव्हा गवंड्याच्या पोराला जे मिळू शकत नाही असे नंदाच्या पोराला काही मिळाले नव्हते.

मग उणे कशाचे? ते पाहण्यासाठी आणखी थोडे मागे, नवव्या अध्यायात जाऊ. यशोदा स्वतः दही घुसळीत बसली आहे. कृष्ण येतो, रवी धरतो, दूध मागतो. ती त्याला मांडीवर घेते. एवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. ती लेकराला, त्याचे पोट भरलेले नसताना, खाली ठेवते आणि चुलीकडे धावते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. देव रागावला, दह्याचा डेरा फुटला, लोणी माकडांना गेले. आई छडी घेऊन मागे लागली, देव पुढे पळाला. शेवटी सापडला. बांधायला गेली तर दोरी दोन बोटे कमी! जितकी जोडावी तितकी दोन बोटे कमीच. आई घामाघूम झालेली पाहून देवाने स्वतःच बांधून घेतले आणि तेव्हापासून तो दामोदर झाला.

येथे यशोदेला दोष देण्याची आपली योग्यता नाही. दूध तरी कोणासाठी तापत होते? त्या लेकरासाठीच. पण कथेचे मर्म असे आहे की मांडीवर साक्षात परमात्मा असताना आईचे चित्त चुलीकडे गेले, आणि मग त्याला पकडायला घरभर धावावे लागले. आपले सगळ्यांचे हेच होते. बाप म्हणतो, मी मरमर मरतो ते पोरासाठीच. खरे आहे, बाबा. पण ते पोर दाराशी उभे आहे, त्याला तू हवा आहेस, आणि तू दुधाकडे धावतो आहेस. शिवाय यशोदेचे दूध तरी खरे होते. आज मांडीवर लेकरू आणि हातात मोबाईल, अशी आई आणि असा बाप घरोघर दिसतो. त्या चुलीवर दूधही नाही. रिकामे भांडेच उतू जाते आहे.

आता मी माझ्याच दोषाची एक गोष्ट सांगतो. सांगण्याचा संकोच वाटतो, पण न सांगता हे निरूपण करणे लबाडीचे होईल.

चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा श्रावण होता. गोकुळअष्टमीच्या सप्ताहासाठी मी याच दामोदरलीलेचे चिंतन करीत होतो. पुढे पोथी, शेजारी श्रीधरस्वामींची टीका. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो कागदाची होडी घेऊन आला. म्हणाला, "अण्णा, ओढ्याला पाणी आलंय. होडी सोडायला चला की." मी म्हणालो, "उद्या." थोड्या वेळाने पुन्हा आला. होडी पावसात भिजली होती. त्याने ती दाखवायला हात पुढे केला आणि ओल्या हाताचा ठसा पोथीच्या पानावर उमटला. मी मोठ्याने ओरडलो. पोरगे मुकाट्याने गेले. ओढ्याचे पाणी चार दिवसांत ओसरले. मी सातही दिवस कीर्तने केली, यशोदेचे वात्सल्य सांगितले, आया-बाया पदराने डोळे टिपीत होत्या. आणि माझा मुलगा मृदंगाशेजारी बसून ऐकत होता.

तो आज स्वतः बाप आहे. एका दुकानात हिशेब लिहितो, पगार बेताचा. पण संध्याकाळी आला की पाणी पिऊन लगेच माझ्या नातीला घेऊन बाहेर पडतो. कधी ओढ्यावर, कधी मारुतीच्या देवळात, कधी एस. टी. स्टँडवर नुसत्या गाड्या बघायला. एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, तू दमून येतोस. हे तुला शिकवलं कोणी? मी तर तुला कधी कुठं नेलं नाही." तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत, अण्णा. कीर्तनात. यशोदा कृष्णामागं कशी धावली ते तुम्ही सांगायचात ना, तेव्हा मला वाटायचं, घरी गेल्यावर तुम्हीपण माझ्यामागं धावाल." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर तरी देता आले असते.

त्या रात्री मी ती पोथी काढली. पानावर तो लहान हाताचा ठसा अजून आहे. दोन बोटे कमी पडणाऱ्या दोरीचा अर्थ टीकाकारांनी असा लावला आहे की एक बोट जीवाच्या प्रयत्नाचे, दुसरे ईश्वराच्या कृपेचे. दोन्ही मिळाल्यावाचून देव बांधला जात नाही. हा अर्थ मी जन्मभर लोकांना सांगत आलो. त्या रात्री कळले की कृपा माझ्या दारात भिजलेली होडी घेऊन दोनदा उभी राहिली होती. कमी पडले ते माझे बोट.

आता येथे काही साधक शंका घेतील की, मुलाबाळांत रमणे हा मोह नव्हे काय? भरत राजा एका हरणाच्या पाडसात गुंतला आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला, असे त्याच भागवतात आहे. शंका योग्य आहे. समाधान असे की, भरताने वाहून जाणारे पाडस उचलले यात त्याचा दोष नव्हता. ती दयाच होती. दोष 'माझे, माझे' म्हणण्यात होता. लेकरू माझे नाही, देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, या भावाने त्याच्याशी खेळले तर ती सेवाच होते. पुंडलिकरायांकडे पाहा. आईबापांची सेवा चालली होती म्हणून त्यांनी देवाला विटेवर उभे केले, आणि देव रागावला नाही, थांबला. म्हाताऱ्या आईबापांच्या सेवेसाठी जो थांबतो, तो लेकराच्या सेवेसाठी थांबणार नाही काय? आणि खेळाला आपण कमी का लेखावे? जग कशासाठी निर्माण झाले, याचे उत्तर देताना ब्रह्मसूत्रांत 'लीला' हाच शब्द घातला आहे. आपल्या संतांनी विटीदांडू, फुगडी, हमामा, हुतुतू या खेळांवर अभंग केले. वारीत रिंगण झाले की साठीचा वारकरी काठी टाकून फुगडी घालतो. आणि घरी आल्यावर तोच नातवाला म्हणतो, गप बस! हे बरे नव्हे. वारीतला खेळ घरी न्यावा.

तो कसा न्यावा, ते सांगतो. दिवसाच्या घटका साठ, आणि घटका म्हणजे 24 मिनिटे. साठांपैकी एकच घटका लेकराला द्यावी. पण ती सबंध द्यावी. त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. जिभेने नाम आणि मनात बाजार असला तर जे होते, तेच मुलाजवळ नुसते बसून होते. घोडा व्हावे, लपंडाव खेळावा, पिंपळाच्या पानाची पिपाणी करून द्यावी, चिकणमातीचे बैल करावेत, चिंचोके मोजावेत. त्याच्या हातात छोटे टाळ द्यावेत. ताल चुकला तरी चुकू द्यावा.

आठवड्यातून एकदा त्याला बाहेर न्यावे. बाजाराच्या दिवशी घेण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी न्यावे. कुंभाराची मडकी, शेळ्यांचा बाजार, लोहाराचा भाता. निघण्यापूर्वीच सांगावे की आज एकच वस्तू घ्यायची, आणि ती त्याची त्याला निवडू द्यावी. म्हणजे परतताना रडारड होत नाही. जवळचा गाव पाहायचा तर पाच वर्षांच्या आतील मुलाला एस. टी.त तिकीट पडत नाही, आणि 2023 सालापासून बायांनाही अर्धेच तिकीट आहे. शिदोरी घरची न्यावी. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे. पुढ्यात दुसरे मूल आले तर आपल्या मुलाच्या हातून त्याला घास द्यावा. काला म्हणजे याहून वेगळे काही नाही. मात्र ओढ्यावर, कालव्यावर, चंद्रभागेच्या काठी मुलाचा हात क्षणभरही सोडू नये; पाण्याला वय कळत नाही.

आणि पंढरीस याल तेव्हा लेकराला खांद्यावर घेऊन गोपाळपूरला जा. गाव जवळच आहे. आषाढी पौर्णिमेला सगळ्या दिंड्या तेथे काल्याला जातात. वाटेवर नदीच्या पात्रात विष्णुपद आहे. देवाची पावले आणि गाईंची खुरे तेथे दगडात उमटली आहेत असे आपण मानतो. ती मुलाला दाखवा. तेथे गोपाळ जेवले, तेथे देव सवंगड्यांचे उष्टे खाऊन धन्य झाला, हे त्याला सांगा. त्या वाटेला खर्च नाही, आणि ती गोष्ट मूल जन्मभर विसरणार नाही.

शेवटी एकच सांगतो. या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तेव्हा नातीने माझे बोट धरले. ओढा घरापासून दोनशे पावलांवर. जायला आम्हांला एक घटका लागली. ती मुंग्यांच्या रांगेपाशी थांबली, गोगलगायीपाशी थांबली, प्रत्येक डबक्यात उतरली. दोनदा माझ्या तोंडाशी 'चल लवकर' आले आणि मी ते गिळले. तेव्हा तुकोबारायांनी सांगितलेली ती आई आठवली, जी लेकराची चाल पाहून आपले पाऊल लहान करते. देवही आपल्याबरोबर तसाच चालतो. नाहीतर त्याच्या चालीने आपल्याला पंढरी कधी गाठता आली असती? होडी सोडली. ती दोन हात गेली आणि दगडाला अडकली. नात टाळ्या पिटून हसली. आम्ही परतलो तेव्हा मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने माझे ओले धोतर पाहिले आणि आत जाऊन कोरडे आणून दिले.

त्या तरुणाला माझे उत्तर आता हे आहे. माऊली, तुला देण्यासारखे पुष्कळ आहे. दूध उतू गेले तर जाऊ दे, ते उद्या पुन्हा तापवता येते. मांडीवरचे लेकरू उद्या तेवढे लहान नसते.

रामकृष्णहरि!