उरलेल्या दिवसांचे मोल

जन्मास आलेला प्रत्येक जीव मरणाधीन आहे, हे कोणास ठाऊक नाही? राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण माती आहोत याचे स्मरण आपणांस दरवर्षी करून दिले जाते. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्याही लावतो. तरीही मरणाचा विषय घरात निघाला, की आपण बोलणे दुसरीकडे वळवतो. घरात कोणी असाध्य आजाराने अंथरुणास खिळले असेल, तर ‘त्यांना काही कळू देऊ नका’ हा आपला पहिला नियम असतो. या नियमामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ही माया आजाऱ्यापासून काय हिरावून घेते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या संदर्भात लंडनमधील एक घटना मननीय आहे. १९४८ साली तेथील एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथास लागला होता. वय अवघे चाळीस. जवळ कुटुंब नव्हते आणि आपल्या जगण्याची कोणतीच खूण मागे राहणार नाही, ही खंत त्याला जाळीत होती. रुग्णालयात समाजसेविकेचे काम करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स त्याला वारंवार भेटत. मरणाऱ्या माणसांना वेदनामुक्त होऊन शांतपणे निरोप घेता येईल असे एखादे घर असावे, अशी बोलणी त्या दोघांत होत. जाताना टास्माने आपले ५०० पौंड त्यांच्या नावे ठेवले आणि त्या घराची एक खिडकी होण्याची इच्छा बोलून दाखवली. पुढे सॉन्डर्स वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या व १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माच्या नावाची खिडकी तेथे आहे. आपल्या आयुष्याला काही अर्थ नाही असे मानणाऱ्या त्या माणसाने अखेरच्या काही आठवड्यांत एका जगद्व्यापी कार्याचा पाया घातला. आपले मरण जवळ आले आहे, हे त्याच्यापासून कोणी लपवून ठेवले असते, तर ही बोलणी झालीच नसती.

मरणाऱ्याचे दुःख केवळ शरीराचे नसते, हे सॉन्डर्स यांनी पुढे आग्रहाने मांडले. भावाशी तुटलेले बोलणे, मुलांची काळजी, देवाविषयीचे प्रश्न हेही त्याच वेदनेचे भाग होत. औषधाने शरीर निवते; उरलेल्या वेदनेवर उतारा संवादाचा. आणि जेथे सगळेच खोटे हसत वावरतात, तेथे संवाद कसा व्हावा? क्षमा मागायची राहते, निरोप राहतो, मग उरते ती मागे राहणाऱ्यांची रुखरुख.

सत्य कळल्याने आजाऱ्याची आशाच खचेल, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप खोटा नव्हे. ज्याला ऐकायचे नाही, त्याच्यावर सत्य लादणे हीही क्रूरताच. तो विचारील तेवढेच आणि त्याला पेलेल तेवढेच सांगावे. पण विचारल्यावर खोटे बोलू नये. शिवाय आशा केवळ बरे होण्याचीच असते काय? वेदनेवाचून एक रात्र जावी, दुरावलेली लेक भेटून जावी, याही आशाच आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन हे, भारतातील पहिले मानले जाणारे हॉस्पिस, अशाच छोट्या आशा जपत आले आहे. तेथे रोग हटवण्याचे वचन नसते, पण आजाऱ्याला कोणी टाकूनही देत नाही. मरण स्वीकारणे आणि जीवनाचा अनादर करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अशा ठिकाणी समजते.

मग धडधाकट असलेल्या आपल्यापुरते काय? टास्माला आपले दिवस मोजके आहेत हे ठाऊक होते. आपलेही मोजकेच आहेत. फक्त आकडा आपणांस सांगितलेला नाही. त्यामुळे जमिनीच्या तुकड्यासाठी धरलेला अबोला आपण पुढील वर्षावर ढकलतो आणि वृद्ध आईजवळ बसणे पुढील सुट्टीवर. मरणाचे भान म्हणजे सदैव खिन्न चेहऱ्याने वावरणे नव्हे. कोणते काम थांबू शकते व कोणते थांबू शकत नाही, याची निवड ते भान आपणांकडून करून घेते. घरातील आजाऱ्याने उद्या आपणांस खरे काय ते विचारले, तर त्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसण्याचे धैर्य आपल्या ठायी असावे. ते एकाएकी येत नाही. आपल्या स्वतःच्या मरणाविषयी घरात चार शब्द मोकळेपणाने बोलण्यास आपण आजपासून आरंभ केला, तरच ते येईल.