चिकाटी की हट्ट?

चिकाटी आणि हट्ट यांमधील सीमारेषा कोण आखतो? बहुधा यशच. सफल झालेल्याची आपण चिकाटी म्हणून वाखाणणी करतो आणि विफल झालेल्याचा हट्ट म्हणून उपहास. हा निवाडा न्याय्य आहे काय?

कार्ल लुडविग हेंके (१७९३–१८६६) हा प्रशियातील ड्रीझेन या लहानशा गावचा टपालखात्यातील कर्मचारी. १८०१ ते १८०७ या काळात सेरेस, पॅलस, जूनो आणि व्हेस्टा हे चार लघुग्रह सापडले होते. त्यानंतर वर्षानुवर्षे नवे काहीच न आढळल्याने बहुतेकांनी शोध सोडून दिला. अशा वेळी, १८३०च्या सुमारास, हेंकेने तो हाती घेतला. दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो. तो परका आहे हे त्याच्या जागेवरून आणि चालीवरूनच कळते. म्हणून आधी त्या भागातील ताऱ्यांची अचूक नोंद हवी. हेंके आकाशाचे नकाशे सिद्ध करीत राहिला. ८ डिसेंबर १८४५ रोजी, सुमारे पंधरा वर्षांनी, त्याला नकाशात नसलेला एक बिंदू दिसला. तो पाचवा लघुग्रह, अ‍ॅस्ट्रिया. १ जुलै १८४७ रोजी त्याने सहावा, हेबी, शोधला.

समजा, चौदाव्या वर्षी त्याचा देहान्त झाला असता तर? आपण त्याचे नावही घेतले नसते. पण त्या चौदा वर्षांतील कर्म तर तेच राहिले असते!

शासकीय सेवेत असताना मीही अनेक प्रकरणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. काही नस्त्या निर्णयाविनाच बंद झाल्या. ते श्रम वाया गेले, असे मला दीर्घकाळ वाटत असे. हेंकेचे चरित्र वाचल्यावर तसे वाटेनासे झाले. तो निरिच्छ नव्हता. त्याला ग्रह हवाच होता. तरीही जे दिसले तेच त्याने नकाशावर मांडले, हवे होते ते नव्हे. माझ्या मते खरी सीमारेषा येथे आहे. हट्टी मनुष्य वस्तुस्थितीला आपल्या इच्छेकडे वळवू पाहतो. चिकाटीचा मनुष्य इच्छा कायम ठेवूनही वस्तुस्थितीपुढे नम्र राहतो.

आज ज्ञात लघुग्रहांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. त्या गर्दीत अ‍ॅस्ट्रियाचे अप्रूप उरलेले नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या त्या रात्रींचे मोल मात्र उणावलेले नाही; परक्याला ओळखणारी नजर त्याच रात्रींनी घडवली.